कॅमेऱ्याचे पूजन होते, मूकपट मात्र दिसत नाहीत

प्रति,
मा. संपादक,
यांस स. न. वि. वि.

कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी १९१७ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची आठवण म्हणून दरवर्षी १ डिसेंबरला आपल्या कोल्हापुरात खरी कॉर्नर येथील कॅमेरा स्तंभाचे पूजन होते आणि त्याचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत येते. हे छायाचित्र मी कित्येक वर्षे पाहत आले आणि पान उलटत आले. ज्या कॅमेऱ्याला हार घातला जातो त्याच्यासारख्या कॅमेऱ्याने टिपलेला एखादा चित्रपट आपण आयुष्यात कधी पाहिलेला नाही, हे वयाच्या सदुसष्टाव्या वर्षापर्यंत माझ्या ध्यानातही आले नव्हते. गेल्या पावसाळ्यात ते आले, आणि तेव्हापासून मी सुमारे तीस मूकपट पाहिले. त्या नवखेपणातून जे काही सुचले ते आपल्या वाचकांपुढे ठेवण्याची परवानगी असावी.

याचे कारण थोडे खासगी आहे. गेल्या सहा वर्षांपासून मला कमी ऐकू येते. श्रवणयंत्र आहे; परंतु ते भांड्यांचा आवाज आणि माणसाचा आवाज सारख्याच उत्साहाने वाढवते. दूरदर्शन संचासमोर बसले की ‘काय म्हणाला तो?’ असे मी दर दोन मिनिटांनी विचारते आणि त्याचे उत्तर पहिल्यांदा प्रेमाने, दुसऱ्यांदा मोठ्याने व तिसऱ्यांदा ‘काही नाही’ असे मिळते. ज्यांच्या घरात कमी ऐकणारे माणूस आहे त्यांना हे ‘काही नाही’ चांगलेच परिचित असेल. एके दिवशी माझ्या नातीने, काहीशा वैतागानेच, इंटरनेटवरून अमेरिकी विनोदी नट बस्टर कीटनचा ‘द जनरल’ हा १९२६ सालचा मूकपट लावून दिला आणि ‘आजी, यात कोणीच काही म्हणत नाही,’ असे सांगून ती अभ्यासाला निघून गेली. तासाभराने ती परत आली तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसत होते.

माझ्या मनात मूकपटाची जी कल्पना होती ती बहुतेकांच्या मनात असते तीच: धूसर चित्र, टुणटुण उडत चालणारी माणसे, डोळे वटारणारा खलनायक, छातीवर हात ठेवणारी नायिका. यांतली पहिली समजूत लगेच गळून पडली, कारण जपून ठेवलेल्या प्रतीवरून तयार केलेला मूकपट इतका स्वच्छ असतो की सदऱ्याच्या सुरकुत्या मोजता याव्यात. दुसऱ्या समजुतीबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण ती आपण सर्वांनी आपल्या पणजोबांच्या पिढीवर केलेली एक मोठी चेष्टा आहे. त्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवीत असत आणि सेकंदाला साधारणपणे सोळा ते वीस-बावीस चित्रे टिपली जात. हा वेग छायाचित्रकाराच्या हातावर, प्रसंगावर आणि कधीकधी काटकसरीवरही अवलंबून असे. बोलपट आल्यावर आवाज एकसारखा यावा म्हणून सेकंदाला चोवीस चित्रे हा वेग पक्का झाला. जुनी चित्रे नव्या वेगाने पळवली की साधा चालणारा माणूसही दुडक्या चालीने धावू लागतो. विनोदी पाठलागांसाठी छायाचित्रकार मुद्दाम दांडा हळू फिरवून अशी गंमत घडवीत असत, ती गोष्ट वेगळी. पण गंभीर नाट्यातली म्हातारी आई जर कोंबडीसारखी तुरुतुरु चालत असेल तर तो दोष तिचा नसून आपल्या यंत्राचा आहे. इंटरनेटवर सहज मिळणाऱ्या कित्येक प्रती अशाच पळवलेल्या असतात. पहिल्या दोन आठवड्यांत मी अशा पाच-सहा प्रती पाहिल्या आणि नाराज झाले, हे कबूल करते.

विनोदी मूकपटांपैकी सगळेच मला आवडले असे नाही. केवळ पाठलाग, पडझड आणि तोंडावर फेकलेली केकसारखी पक्वान्ने यांवर चालणाऱ्या सुरुवातीच्या लघुपटांचा तिसऱ्या दिवशी कंटाळा आला. त्यांत माणूस कोण आहे हे कळायच्या आतच तो पडलेला असतो. कीटनचे तसे नाही. तो कधी हसत नाही, दयेची याचना करीत नाही, आणि त्याच्यावर कोसळणारी प्रत्येक गोष्ट खरोखरची असते. ‘स्टीमबोट बिल ज्युनिअर’ या १९२८ सालच्या चित्रपटात वादळामध्ये एका दुमजली घराची दर्शनी भिंत अखंडच्या अखंड त्याच्या अंगावर पडते, आणि वरच्या मजल्यावरील खिडकीची मोकळी चौकट नेमकी तो उभा असलेल्या जागी आल्यामुळे तो वाचतो. भिंत खरी होती, तिचे वजन टनांत मोजण्याजोगे होते आणि खिडकीत त्याच्याभोवती अगदी बेताची जागा होती. मी हा प्रसंग चार वेळा पाहिला. पहिल्या वेळी हसले. नंतर प्रत्येक वेळी त्याच्या पायांकडे पाहिले. ते हलत नाहीत. ‘शेरलॉक ज्युनिअर’च्या चित्रीकरणात पाण्याच्या टाकीच्या नळाखाली आपटून त्याच्या मानेचे हाड मोडले होते आणि ते त्याला कित्येक वर्षांनी एक्स-रे काढल्यावर कळले, हे वाचल्यानंतर मला ‘विनोदी नट’ हा शब्द उच्चारताना थोडा संकोच वाटू लागला आहे.

आमच्या गल्लीतील भिशी महिन्यातून एकदा आमच्याकडे असते. ऑगस्टमध्ये चहाफराळानंतर मी धीर करून हॅरोल्ड लॉइड या विनोदी नटाचा १९२३ सालचा ‘सेफ्टी लास्ट’ लावला. मैत्रिणींपैकी बहुतेकींना संवादांच्या जागी पडद्यावर येणाऱ्या इंग्रजी पाट्या वाचता येत नव्हत्या; चौतीस वर्षे बँकेत कारकुनी केल्यामुळे मला येतात. म्हणून पाटी आली की मी ती मराठीत मोठ्याने सांगू लागले. जपानमध्ये मूकपटांच्या काळी पडद्याशेजारी बसून कथा सांगणारे ‘बेन्शी’ नावाचे कलावंत असत आणि नटांइतकेच ते लोकप्रिय असत, असे मी वाचले होते. आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून मी तेच काम करीत होते. एरव्ही ज्या बायका मला दोन-दोनदा ओरडून सांगतात, त्या त्या दिवशी मला विचारत होत्या, ‘काय म्हणाला गं तो?’ हा प्रश्न ऐकण्यात काय सुख असते ते मी शब्दांत सांगू शकत नाही. नायक इमारतीवर चढत जाऊन घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो तेव्हा एका बाईंनी डोळ्यांवर पदर घेतला. त्या चढाईच्या चार वर्षे आधी, १९१९ मध्ये, छायाचित्र काढताना हाती दिलेला खोटा बाँब खरा निघून लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट गेले होते व पडद्यावर तो खास बनवलेला हातमोजा घालीत असे, हे मी चित्रपट संपल्यावर सांगितले. त्यावर त्यांनी तो शेवटचा भाग पुन्हा लावायला लावला, आणि या खेपेस पदर खाली होता.

चार्ली चॅप्लिनविषयी इतके लिहिले गेले आहे की मी एकाच चित्रपटापुरते बोलेन. ‘सिटी लाइट्स’ १९३१ साली आला, म्हणजे आपल्याकडे ‘आलम आरा’ने बोलपटाचा आरंभ केला त्याच वर्षी, आणि अमेरिकेत बोलपट रुळून तीन-चार वर्षे झाली असताना. सगळे बोलू लागले असता हा गृहस्थ हट्टाने मुका राहिला. चित्रपटाला त्याने संगीत दिले आहे, पण शब्द दिलेले नाहीत. उलट आरंभी पुतळ्याच्या अनावरणाला आलेले प्रतिष्ठित लोक भाषण करू लागतात तेव्हा त्यांच्या तोंडून पिपाणीसारखा नुसता किरकिराट ऐकू येतो. बोलपटाची ती टिंगल आहे हे उघडच आहे. माझ्या श्रवणयंत्रातून समारंभांतील भाषणे मला नेमकी तशीच ऐकू येतात, त्यामुळे मी त्या प्रसंगाकडे वास्तववाद म्हणून पाहते. शेवटी दृष्टी परत आलेली फुलवाली त्या भणंग माणसाच्या हातात नाणे ठेवायला जाते आणि हाताच्या स्पर्शाने त्याला ओळखते. तिने त्याला कधी पाहिलेलेच नसल्यामुळे डोळ्यांनी ओळखणे शक्य नव्हते. ओळख पटते ती तळहाताला. येथे एकही वाक्य बोलले गेले असते तर हा प्रसंग साधा भावुक झाला असता असे मला वाटते. दोन-तीन छोट्या पाट्या आहेत, त्याही नसत्या तरी चालले असते.

आता गंभीर नाट्यांकडे येते, कारण माझे खरे मतपरिवर्तन तेथे झाले. आरंभी तो अभिनय मला फार भडक वाटला. नंतर लक्षात आले की त्या काळचे पुष्कळ नट रंगभूमीवरून आलेले होते, आणि रंगभूमीवर शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत दुःख पोहोचवण्यासाठी हात उचलावाच लागतो. संगीत नाटकांच्या जुन्या छायाचित्रांत आपल्याकडील थोर नटांचे हातही तसेच उचललेले आहेत. कॅमेरा जवळ आला आहे, तेव्हा हात खाली ठेवला तरी चालेल, हे ज्यांना आधी उमगले त्यांत लिलियन गिश ही अभिनेत्री होती. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या १९१९ सालच्या ‘ब्रोकन ब्लॉसम्स’मध्ये बापाचा मार खाणारी मुलगी, हस म्हटल्यावर, दोन बोटांनी ओठांचे कोपरे वर ढकलून हसू करते. त्या दोन बोटांनंतर भडकपणाची तक्रार करण्याचे मी सोडून दिले. तथापि याच चित्रपटात चिनी तरुणाची भूमिका गोऱ्या नटाला दिलेली आहे, आणि याच दिग्दर्शकाचा १९१५ सालचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ कृष्णवर्णीयांवर अत्याचार करणाऱ्या कू क्लक्स क्लॅनला वीर ठरवतो. कलेच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे असल्याचे सांगतात. मी तो अर्ध्यावर बंद केला. जुने आहे म्हणून सर्वच वंदनीय मानण्याचे कारण नाही, आणि मूकपटाचे प्रेम जडले म्हणून तेथे डोळेही मिटता येत नाहीत.

मला ज्याने सर्वांत अधिक गुंतवले तो मात्र जर्मनीतला आहे: दिग्दर्शक मुर्नाव यांचा १९२४ सालचा ‘द लास्ट लाफ’. एका मोठ्या हॉटेलच्या दारावर उभा राहणारा वृद्ध दरवान, त्याचा सोनेरी बटणांचा लांब कोट, आणि त्या कोटामुळे चाळीत मिळणारा मान, एवढीच सामग्री. एके दिवशी जड पेटी उतरवताना त्याला दम लागतो, व्यवस्थापकाला ते दिसते, आणि दुसऱ्या दिवशी कोट काढून घेऊन त्याला तळघरातील प्रसाधनगृहात टॉवेल देण्याच्या कामावर नेमतात. घरचे लग्न असते. तो कोट चोरून आणतो आणि घालून जातो. पुढचे मी सांगत नाही. एमिल यानिंग्स या नटाची पाठ, होय, पाठच, कोट असताना आणि नसताना दोन वेगळ्या माणसांची वाटते. आणि आश्चर्य असे की दीड तासाच्या या चित्रपटात निवेदनाची पाटी केवळ एक आहे. पत्रे, वर्तमानपत्र अशी कथेतलीच अक्षरे तेवढी दिसतात. बाकी सर्व काही चालणाऱ्या कॅमेऱ्याने आणि चेहऱ्यांनी सांगितले आहे. ती एकमेव पाटी येते तीही शेवटाआधी: खरे तर गोष्ट येथेच संपायची, पण लेखकाला या म्हाताऱ्याची दया आली, अशा अर्थाची. त्यानंतर जोडलेला सुखान्त मला पटला नाही. पण तो पटवून देण्याचा चित्रपटाचाही विचार दिसत नाही. बँकेतले आमचे एक शिपाई निवृत्तीनंतरही खाकी सदरा घालूनच भाजी आणायला जात असत. आम्ही त्यांना हसत असू. हा चित्रपट पाहिल्यावर त्या हसण्याची मला रात्रभर आठवण येत राहिली.

इतके परदेशातले झाल्यावर साहजिकच वाटले की आपल्या गावचे पाहावे. आणि येथे माझी गाडी अडली.

दादासाहेब फाळके यांचा १९१९ सालचा ‘कालिया मर्दन’ बऱ्याच अंशी शिल्लक आहे. त्याच्या आरंभी फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी केवळ चेहऱ्यावर एकामागून एक भाव दाखवते आणि मग पाहता पाहता कृष्णाच्या वेषात दिसू लागते. वडिलांनी जणू प्रेक्षकांना आधी सांगूनच टाकले आहे की ही माझी पोर आहे, आता तिला देव समजा. पण बाबूरावांचे काय? आनंदराव आणि बाबूराव या पेंटर बंधूंनी याच गावात कॅमेरा बनवण्याचे स्वप्न पाहिले; १९१६ मध्ये आनंदराव गेल्यावर बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या मदतीने तो पुरा केला; तानीबाई कागलकरांनी कंपनीला पैसा दिला, शाहू महाराजांनी आश्रय दिला, आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले, हे शाळकरी मुलालाही पाठ असते. १९२५ सालच्या ‘सावकारी पाश’मध्ये कर्जापायी जमीन गमावून मुंबईच्या गिरणीकडे जाणारा तरुण शेतकरी व्ही. शांताराम यांनी केला होता, हेही आपण अभिमानाने सांगतो. तो मूकपट मात्र आज पाहायला मिळत नाही. ज्यांनी पाहिला होता त्यांच्या आठवणींत अंधुक प्रकाशातली एक झोपडी आणि तिच्याजवळ रडणारे कुत्रे राहिले आहे. मूकपटातले कुत्रे! त्याचे रडणे त्या प्रेक्षकांना पडद्यावरून ऐकू आले असले पाहिजे, नाहीतर ते इतकी वर्षे लक्षात कसे राहते? ज्या गावात हे घडले तेथेच राहून मला ते दिसू शकत नाही याचा मला खराखुरा राग येतो. १ जून १९२९ रोजी येथेच स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाच्या आधी सहा मूकपट काढले, त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत, चेहरे नाहीत.

हे केवळ आपल्याकडे झाले असे नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती भुरकन पेट घेई, आणि पेटली नाही तरी डब्यातल्या डब्यात चिकट होऊन कुजत असे. बोलपट आल्यावर मूकपटांना बाजारात किंमत उरली नाही, तेव्हा कोणी त्यातली चांदी काढून घेतली, कोणी जागा रिकामी केली. अमेरिकेसारख्या देशातही मूकपटांच्या काळातील सुमारे ७० टक्के पूर्ण लांबीचे चित्रपट नष्ट झाल्याचे तेथील लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३ सालच्या अहवालात म्हटले आहे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली उभे राहिले तोवर आपल्या मूकपटांपैकी बहुसंख्य गेलेले होते. आगीत काय जाते हे कोल्हापूरकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिलेले आपले केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळताना आपण सर्वांनी पाहिले आहे. तरीही हरवलेले कधीकधी परत येते. कार्ल ड्रायर यांच्या ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ची मूळ प्रत आगीत गेली होती, १९८१ साली नॉर्वेतील एका मनोरुग्णालयाच्या कपाटात तिची उत्तम प्रत सापडली. ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटाचे हरवलेले भाग २००८ मध्ये ब्युनोस आयर्सला निघाले. कपाटे आपल्याकडेही आहेत, माळेही आहेत. जुन्या घरांत कोणाकडे गंजलेले गोल डबे, भित्तिपत्रके, पाट्यांचे कागद, वादकांच्या वह्या असतील तर भंगारवाल्याला देण्यापूर्वी जाणत्या माणसाला दाखवाव्यात, एवढे आवाहन आपण आपल्या वृत्तपत्रातून अवश्य करावे. डबा उघडून उन्हात ठेवू नये, हेही त्यात छापावे.

दुसरी विनंती पूजनासंबंधी आहे. पूजनाला माझा विरोध नाही. परंतु त्याच संध्याकाळी शाहू स्मारक भवनात किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या सभागृहात एक तरी मूकपट, योग्य वेगाची प्रत मिळवून, सर्वांसाठी दाखवला जावा. जगभरचे चित्रपट दाखवणारी मंडळी या गावात आहेत, त्यांना हे अवघड नाही. आरंभ ‘कालिया मर्दन’ने करावा आणि जोडीला कीटनचा एखादा असावा, म्हणजे मुलेही बसतील. मूकपट कधीच निःशब्द शांततेत पाहिले जात नसत. आपल्याकडे पडद्यापुढे पेटी-तबला वाजत असे. पेटी आणि तबला वाजवणाऱ्यांची कोल्हापुरात वाण नाही, आणि पडद्यावरचे पाहून वाजवणे हे त्यांच्यासाठीही एक आव्हानच ठरेल. बहिऱ्या व कमी ऐकू येणाऱ्या मुलांच्या शाळांना पहिल्या रांगा द्याव्यात. असा दुसरा खेळ नाही, ज्यात ती मुले आणि इतर प्रेक्षक एकाच क्षणी हसतील आणि कोणी कोणाला विचारावे लागणार नाही.

परदेशी मूकपटांच्या पाट्या मराठीत वाचून दाखवण्यास कोणी हवे असल्यास ते काम मी विनामूल्य करीन. भिशीतील मैत्रिणी साक्ष देतील की माझा आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जातो. मात्र संयोजकांनी दूरध्वनी न करता प्रत्यक्ष यावे, आणि बोलताना माझ्या समोर उभे राहावे.

कळावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
मंगळवार पेठ, कोल्हापूर